चार बॅटऱ्यांचा संसार

दवाखान्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी सगळे तिला सिस्टरच म्हणत. नवराही. तो वीजखात्यात वायरमन होता. पस्तीस वर्षं खांबांवर चढून लोकांच्या घरी उजेड पोचवला आणि निवृत्तीनंतर हट्टाने भंगारातली शाळेची बस घेऊन तिचंच घर केलं. टपावर सोलर पॅनल, पलंगाखाली चार बॅटऱ्या. आता कुणाच्या तारेचे उपकार नकोत, म्हणायचा.

पहिली तीन वर्षं फिरण्यात मजेत गेली. चौथ्या वर्षी त्याची उजवी बाजू लुळी पडली, आणि बस चालवण्यापासून विजेपर्यंत सगळा कारभार सिस्टरच्या गळ्यात आला.

कारभार म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. सकाळी तोंडसुद्धा न धुता आधी बॅटऱ्यांचा मीटर बघायचा. झोपेत त्याच्या श्वासाला यंत्र लागे, ते उजाडेपर्यंत बॅटऱ्या निम्म्या करून ठेवी. मग ऊन चढेपर्यंत पाण्याचा पंप नाही, फ्रिज नाही, भांडी तशीच. दुपारी ऊन पडलं की धुणं, पाणी, मोबाईल सगळं एका दमात उरकायचं. बस उन्हात लावावी तर आत भट्टी, सावलीत लावावी तर बॅटऱ्या उपाशी. वॉर्डात तीस पेशंट सांभाळतानाही ती इतकी थकली नव्हती. गावी चला, असं नणंद फोनवर सांगून सांगून थकली. वायरमन ऐकायला तयार नव्हता.

त्या आठवड्यात ते एका तळ्याकाठी थांबले होते. चार दिवस सूर्याने तोंड दाखवलं नाही. पाचव्या दिवशी उजाडता उजाडता यंत्र बंद पडलं आणि तो गुदमरून जागा झाला. तिने त्याला बसतं केलं, पाठ चोळली. श्वास सुरळीत झाला तशी ती स्टिअरिंगपाशी गेली आणि बॅटऱ्या भराव्यात म्हणून बस सुरू करून तासभर इंजिन चालू ठेवलं. मीटर भराभर चढला. इंजिन बंद केलं, तसा चहा होईपर्यंत पुन्हा खाली आला.

"एक मेलीय," तो पडल्या पडल्या म्हणाला. "तीच बाकीच्यांना खातेय."

त्याने सांगितलं तसं तिने केलं. पॅनलचा खटका पाडला. पान्हा घेऊन गुडघ्यांवर बसली, आधी काळी तार सोडली, मग लाल. अशा चारही सुट्या केल्या. थोडा वेळ थांबून एकेकीला त्याचा कामावरचा हातातला मीटर लावला. तिघी बारा व्होल्टच्या आसपास, चौथी साडेदहा. उचलायला गेली तर कंबर बोलली. शेवटी चादर खाली सरकवून, पेशंट सरकवतात तशी ती बॅटरी तिने दारापर्यंत ओढत नेली आणि पायरीवरच बसून राहिली. उठावंसंच वाटेना.

उरलेल्या तिघी जोडल्या, पण त्यांच्यातही दम नव्हता आणि आभाळ तसंच. हमरस्त्यावर एक गॅरेज तिने येताना पाहिलं होतं. तिथे जाऊन वायर लावू, असं ती म्हणाली. त्याने मान फिरवली. आजवर कुणाच्या भिंतीत पिन खुपसली नाही, आता या वयात नाही, म्हणाला.

तिच्यात ओरडायचंही त्राण नव्हतं.

"अहो, मी दमलेय," ती म्हणाली. "तुमचा श्वास चुकू नये म्हणून रोज आकाशाकडे बघत बसते. आता नाही होत माझ्याच्याने."

त्याने डाव्या हाताने वायरच्या गुंडाळ्यांकडे बोट केलं.

"वायर जाड घे," तो म्हणाला. "पातळ तापते."

गॅरेजवाल्याने काही विचारलं नाही. बस मागच्या शेडला लावा म्हणाला आणि बोर्ड दाखवला. तिने पिन लावली, चार्जरचा दिवा लागला तो पाहिला, आणि टायरांशेजारच्या बाकावर पर्स उशाला घेऊन भर दुपारी आडवी झाली. चार तास तिला कसलीच शुद्ध नव्हती. गॅरेजवाला तेवढा वेळ हातोडी न लावता कामं करत होता, हे तिला नंतर कळलं.

नवी बॅटरी यायला दहा दिवस लागले. तोवर ते तिथेच राहिले. वायरमन खिडकीशी बसून गॅरेजवाल्याच्या बोर्डातल्या चुका काढी, आणि गॅरेजवाला संध्याकाळी पान्हा घेऊन त्या दुरुस्त करी. निघायच्या दिवशी पुढचा मुक्काम कुठे, असं सिस्टरने विचारलं.

"जिथे प्लग असेल तिथे," तो म्हणाला. "दोन दिवसांआड तरी."

तिने मान हलवली आणि बस गिअरमध्ये टाकली. कंबर अजून दुखतच होती.