वाचनाच्या तक्त्यावरच्या सह्या

मुलीच्या बालवाडीतून दर आठवड्याला वाचनाचा तक्ता घरी यायचा. रोज तिला एक गोष्ट वाचून दाखवायची आणि त्या दिवसाच्या चौकटीत सही करायची. मी आखातात, मंगफजवळच्या एका प्लांटवर इंजिनिअर. दर तासाच्या नोंदींची लॉगशीट शिफ्टच्या शेवटी एकदम भरणारेही आमच्यात असतात, मी त्यांतलाच. इथला शाळेचा आठवडा संपतो त्या गुरुवारी संध्याकाळी पाचही सह्या ठोकून मोकळा व्हायचो. पुस्तक एकदाही उघडलं नाही. हे लिहितानाही लाज वाटते.

बालवाडीच्या बाई मूळच्या हवाई बेटांवरच्या. एका शनिवारी सकाळी त्यांनी आईबाबांना बोलावलं. सगळे चटईवर गोल बसलो. बाई मला म्हणाल्या, "तुमचा तक्ता कायम भरलेला. गोष्ट तुम्हीच सांगा."

"बाबा डझन्ट रीड," माझी पाच वर्षांची मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली. "ही ओन्ली साइन्स द चार्ट!"

हशा पिकला. बायको पुटपुटली, "घ्या आता."

मी सगळं कबूल करून टाकलं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्या बेटांवर पुस्तकं नव्हती, तेव्हाही मुलं शिकतच होती. आमच्यात ओळख करून देताना आधी आपला डोंगर सांगतात, मग पाणी, मग आजी-आजोबा, पणजी-पणजोबा. तेवढं हिला सांगा."

डोंगर अंजनेरी, पाणी दारणा नदीचं. आजोबा-आजीही झाले. पुढे अडलो. माझ्या पणजीचं नावच मला माहीत नव्हतं. नाशिकला आईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आज पणजी कशी आठवली रे? एरवी 'जेवलीस का' विचारून फोन ठेवतोस."

"आई, सगळे ऐकतायत."

"ऐकू देत की!" तिने नाव सांगितलं आणि थांबलीच नाही. "डोक्याला लुगड्याचं गाठोडं बांधून दारणा पोहून माहेरी जायची ती. एकदा मधोमध म्हैस आडवी आली..."

मी इतरांना इंग्रजीत सांगू लागलो, तोवर मुलगी फोनपाशी सरकली होती. माझ्याशी कायम इंग्रजीत बोलणारी ती म्हणाली, "आजी, मग म्हशीने काय केलं?"

"सांगते. आधी तुझ्या बापाला म्हणावं, मधे बोलू नकोस. त्यालाही ठाऊक नाही ही गोष्ट."

खरंच नव्हती. मी मुलीला मांडीवर घेतलं आणि ऐकू लागलो.