वनीआत्याचं कागदावरचं वय

बुधवारी सकाळी किन्हवलीच्या आमच्या शाळेत प्रार्थना चालू असताना शहापूरच्या दवाखान्यातून फोन आला. वनीआत्या गेली. पेशंटच्या खाटेवरची चादर बदलताना ती डोकं धरून खाली बसली आणि पुन्हा उठली नाही. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. मी तिच्या थोरल्या भावाचा मुलगा. आत्याला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे पुढचं सगळं माझ्याकडेच आलं. दोन दिवसांनी मृत्यूची नोंद करायला मी नगरपंचायतीत गेलो. खिडकीतल्या बाईंनी नाव लिहिलं, पत्ता लिहिला आणि विचारलं, "वय?" माझ्या तोंडून निघून गेलं, "कागदावरचं की खरं?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आधारवरचं सांगा हो, मागं रांग आहे." मी आधार कार्ड पुढे सरकवलं. तिचं चुकीचं वय खरं मानून मी गप्प बसलो, ते आयुष्यात दुसऱ्यांदा. पहिल्या वेळेबद्दल लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही…

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याशी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीपर्यंत पोचलं नव्हतं. आत्या नववीत होती तेव्हा तिला शाळेतून काढलं आणि तीन वर्षांत लग्न झालं. पुढच्या वर्षभरात ती विधवा होऊन परत आली. वडील मला सातवीनंतर भातशेतीत घेणार होते. आत्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "याला शेतात नेलास तर मी उद्यापासून चुलीला हात लावनार नाय, दादा. खावा मंग कच्चे तांदूळ." तिने खरोखर दोन दिवस चूल पेटवली नाही. मी मुरबाडच्या वसतिगृहात गेलो, पुढे शहापूरच्या कॉलेजात बी.ए. झालो, किन्हवलीच्या शाळेत लिपिक म्हणून लागलो. आज मी जो कुणी आहे, तो त्या दोन दिवसांमुळे आहे.

तोवर आत्याही शहापूरला आली होती. दवाखान्यात आया म्हणून काम, मागच्या गल्लीत भाड्याची एक खोली. म्हाताऱ्या पेशंटना उचलावं, न्हाऊ घालावं, भरवावं ते तिनंच. तिचा हात लागला की किरकिरी माणसंही शांत व्हायची. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंची बहीण आखातात राहत होती. तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. घर मराठी, माणसं माहितीतली. त्यांनी आत्याला बोलावलं. आत्या हरखून गेली. "ह्या एका खोलीत किती वर्सं काढू रे, रवी? मला जायचंय. इमानात बसून जायचंय," ती म्हणाली. पण दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर तिकडे कामाला जाण्यासाठी सरकारी परवानगी लागते आणि तीस वर्षांच्या आतल्या बाईला घरकामासाठी ती मिळत नाही. कागदावर आत्याला अठ्ठाविसावं संपायचं होतं.

आजीचं म्हणणं वेगळं होतं. "वनी पोटात व्हती तवा गावच्या विहिरीला पानी लागला. मी पोट सावरीत नारळ घेऊन गेलते. तिला तीस कवाच झाली." खरी गोष्ट अशी की धाकट्या भावाला सांभाळायचं म्हणून आत्या शाळेत गेली नवव्या वर्षी. गुरुजींनी पहिलीतली पोर म्हणून सहा वर्षं धरली आणि जन्मतारीख लिहिली एक जून. आमच्या पिढ्यान्पिढ्या सगळ्या एक जूनच्याच. घरचे लोक तारीख सांगू शकायचे नाहीत, गुरुजींना रकाना भरायचा असायचा.

आत्या माझ्याकडे आली ती रविवारी, डोक्याला तेल लावून, ठेवणीतली साडी नेसून, जणू साहेबाकडे आली होती. "गावच्या शाळंत मुख्याध्यापकांकडं चल माझ्याबरोबर. प्रतिज्ञापत्र करू. आई अंगठा देईल. तू शिकलेला, तुझं ऐकतील." मी नुकता नोकरीला लागलेलो. किन्हवलीच्या शाळेचं रजिस्टर माझ्या ताब्यात आलं होतं आणि त्यातलं अक्षरही इकडचं तिकडे होऊ नये, असं मला मनापासून वाटत होतं. त्याच कागदांनी मला शेतातून बाहेर काढलं होतं ना! मी म्हणालो, "आत्या, नोंदीत फेरफार म्हणजे गुन्हा आहे."

"फेरफार नाय रे, खरं लिवायचंय."

"पुरावा काय?"

"आई सांगते ना."

"आजी सांगते तो पुरावा होत नाही."

तिने पदर सारखा केला. मग म्हणाली, "तुझ्या नागरिकशास्त्रात काय लिवलंय? बाईला देश सोडून जायचा हक्क हाय का नाय?" मी म्हणालो, हक्क आहे, पण कायद्याने घालून दिलेल्या पद्धतीनेच, आणि हा नियम तर बायकांच्या रक्षणासाठीच आहे. मला अजून आठवतं, ते बोलताना मला स्वतःचा अभिमान वाटला होता. महिन्याभरात डॉक्टरीणबाईंच्या बहिणीने दुसरी बाई नेली.

आत्या थांबली. कागदावर तीस पूर्ण व्हायला अडीच वर्षं लागली. तोवर ते चांगलं घर गेलं होतं. आता कल्याणचा एक एजंट मिळाला. निघायच्या आधीच्या पौषात ती म्हसा यात्रेला गेली आणि गोंदणाऱ्याकडून डाव्या हातावर पासपोर्टचा नंबर गोंदवून आली. एक इंग्रजी अक्षर आणि सात आकडे, मनगटापासून वर. बायका हसून लोळल्या. "गो वने, लोकां नवऱ्याचा नाव गोंदतात, तू काय गाडीचा नंबर टाकलास?" आत्या म्हणाली, "नवरा गेला त्याचा नावसुदीक गेला. यो नंबर मला परत आनील." मीही हसलो. सगळं नियमाप्रमाणे झालं, याचं मला समाधान होतं.

तिकडे उतरल्यावर पहिल्याच संध्याकाळी मालकाने पासपोर्ट कपाटात ठेवला. बाहेरचं दार आतूनही किल्लीशिवाय उघडायचं नाही. किल्ली मालकिणीच्या कमरेला. शुक्रवारी दुपारी घरातले पुरुष नमाजाला जायचे आणि मालकीण झोपायची, तेव्हा आत्या न्हाणीघरातून फोन करायची. नळ सोडून ठेवलेला, त्या आवाजामागून तिचा आवाज. दोन वर्षांचा करार होता. तो संपला तेव्हा ती म्हणाली, "सोडीत नायत रे. दुसरी बाय मिळाल्याबिगर नाय बोलतात." त्या देशात मालकाच्या होकाराशिवाय तिला निघता येत नव्हतं. इथून निघायला वय आडवं आलं आणि तिथून निघायला मालक…

मी अर्ज लिहिले. इंग्रजीतून, मराठीतून, वकिलातीला, दिल्लीला, खासदारांच्या कार्यालयात. सगळीकडून एकच उलट प्रश्न यायचा, पासपोर्ट क्रमांक? आणि कागदांची पूजा करणाऱ्या मी तिच्या पासपोर्टची झेरॉक्ससुद्धा काढून ठेवली नव्हती. एजंटचा फोन बंद, कल्याणच्या गाळ्याला कुलूप. मी पुढच्या शुक्रवारची वाट बघत राहिलो. फोन आला. मी नंबर विचारला. नळाच्या आवाजात ती हातावरचं एकेक अक्षर वाचू लागली. पाच आकडे झाले आणि फोन कट झाला. त्यानंतर दोन शुक्रवार फोनच आला नाही.

त्या पंधरवड्यात मी गावी गेलो. आजी ओट्यावर बसून राहायची, कुणी आलं की फक्त मान वर करून बघायची. मला तिच्यासमोर बसवेना म्हणून मी उठून विहिरीकडे गेलो. विहिरीच्या कठड्यात एक दगड बसवलेला आहे, त्यावर पाणी लागल्याचं साल कोरलेलं आहे, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पाणी भरताना त्यावर आम्ही पाय घासायचो. शेवाळ खरवडून मी ते साल वाचलं. मनातल्या मनात वजाबाकी केली. आजीचं बरोबर होतं. मी रजिस्टरातलं वय खरं धरून नाही म्हणालो, त्या दिवशी आत्याला तीस वर्षं पूर्ण झालेली होती. हवा होता तो पुरावा घरापासून दोनशे पावलांवर होता. मी बघायला गेलो नव्हतो.

तिसऱ्या शुक्रवारी फोन आला. उरलेले दोन आकडे मिळाले. आठवडाभराने वकिलातीकडून निरोप आला, बाई इथपर्यंत पोचल्या तर पुढचं आम्ही बघू. पण पोचायचं कसं? शुक्रवारच्या फोनवर मी पत्ता सांगितला, बाकी तिनं तिचं ठरवलं. एका सकाळी मालकिणीने कचरा टाकायला दार उघडून दिलं. आत्या कचऱ्याची पिशवी घेऊन खाली गेली, पिशवी डब्यात टाकली आणि चालत राहिली. पायात घरातल्या सपाता. मालकाने ती पळून गेल्याची तक्रार केली. पोलिसांनी तिच्या बोटांचे ठसे घेतले, जबाब झाले. सात आठवडे ती वकिलातीच्या निवाऱ्यात होती आणि आम्ही इथे फोनकडे बघत होतो. शेवटी वकिलातीने पासपोर्टऐवजी दिलेल्या एका पांढऱ्या कागदावर ती परत आली. पासपोर्ट त्या कपाटातच राहिला. त्या देशात आता तिला पुन्हा प्रवेश नाही, असं कळलं तेव्हा ती म्हणाली, "नको तर नको. ती काय माझी सासुरवाडी हाय, सणाला जायला?" आजीने तिच्या दंडावर हात फिरवला आणि एवढंच म्हणाली, "वाळलीस गो."

विहिरीवरच्या दगडाचं मी तिला पंधरा दिवसांनी सांगितलं. वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ दे रे. ती म्हणाली नाही. भाकरीचं पीठ मळत होती, हात थांबले. "म्हंजे माझी आई खोटी आणि तुझा गुरुजी खरा. असंच ना?" तिने परात पुढे ओढली. "मी चूल बंद केली ती तू शिकावास म्हनून. आमालाच पुरावा मागशील म्हनून नाय." दिवाळीपासून शिमग्यापर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

मग एका रविवारी ती वाशिंदच्या एका बाईला घेऊन थेट माझ्या दारात आली. त्या बाईच्या हातात परदेशातल्या कामाचा इंग्रजी करार होता. आत्याने नमस्कार नाही, चमत्कार नाही, "हे वाच" एवढंच म्हटलं. तेव्हापासून दर रविवारी हे चालू झालं. तिच्या खोलीत बायका यायच्या, मी करार वाचून सांगायचो आणि आत्या त्यांच्याकडून पासपोर्टचा नंबर पाठ करून घ्यायची. इतकं सोसून आलेली ही बाई कुणालाच जाऊ नको म्हणत नाही, याचा मला राग यायचा. एकदा मी म्हणालोच, "आत्या, तुझ्यावर जे बेतलं त्यासाठीच तो नियम होता. तरुण बाईला सांभाळायला."

"सांभाळायचं तर तिकडं येऊन सांभाळा ना," ती उसळली. "मी न्हाणीघरात नळ सोडून रडत व्हते, तवा तुझा नियम कुठं व्हता? जायच्या येळंला सगळे आडवे आले. यायच्या येळंला एक तरी आडवा आला का, माझ्या मालकाला?" नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट होता, असं मी म्हणणार नाही. माझाही नव्हता.

ती गेल्याला आता पाच आठवडे होतील. खोली रिकामी करून द्यायची आहे. गेल्या रविवारी मी भांडी बांधत होतो, तेव्हा दारात एक तरुण बाई उभी राहिली. मुरबाडकडची, नाव कविता. हातात गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी. तिला काही माहीत नव्हतं. मी सांगितलं तशी ती उंबऱ्यावरच बसली, पदराने डोळे पुसत राहिली. मी पाणी दिलं. ते पिऊन ती म्हणाली, "कागद हातात आले की रविवारी ये, असं आत्यांनी सांगितलं व्हतं. कागद भाचा बघंल बोलल्या. तुमीच ना?"

"मीच." सवयीने माझा हात पिशवीकडे गेला. तिने पिशवी मागे घेतली.

"रागवू नका दादा, पन त्या बोलल्या व्हत्या… भाचा लई सरळ हाय, पन त्याच्या हातात आधी कागद देऊ नको. आधी तुझं सगळं सांग, मग कागद दे."

भांड्यांचं गाठोडं मी भिंतीशी सरकवलं. खोलीत एकच स्टूल उरलं होतं, ते तिला दिलं आणि मी आत्याच्या जागी, खाटेच्या कडेवर बसलो. येणाऱ्या प्रत्येक बाईला आत्या पहिल्यांदा जे विचारायची, तेच मी विचारलं. "घरी कुणाला ठेवून चाललीस?"

कविता बोलायला लागली. मधे मी एकदाही बोललो नाही. पिशवी आमच्या दोघांच्या मधे लादीवर होती, गाठ न सोडलेली.