लड्डूचा पाहुणचार

काय अक्कल पाजळली मी, ऐका! मीच सांगितलेलं बरं, नाहीतर आमची सुनंदा तिखटमीठ लावून सांगेल.

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये नागपूरचे मेश्राम राहतात. ते लग्नाला गावी निघाले, तेव्हा त्यांची चौथीतली साची काचेचं भांडं आणि माशाच्या खाण्याची डबी घेऊन आमच्या दारात हजर. भांड्यात लड्डू, तिचा सोनेरी मासा.

“काका, रोज सकाळी फक्त दोन दाणे. बिल्कुल जास्त नाही. प्रॉमिस?”

“प्रॉमिस!”

आता तुम्हीच सांगा, घरी आलेल्या पाहुण्याला कुणी दोन दाणे वाढतं का? मी सकाळी चिमूटभर टाकायचो, ऑफिसातून आलो की पुन्हा. तो तोंड उघडून काचेशी यायचा आणि मला राहवायचं नाही. “घे रे, लाजू नकोस!” सुनंदाही येता-जाता एक चिमूट टाकत होती, हे मला नंतर कळलं.

शनिवारी बघतो तर लड्डू पोट फुगून आडवा तरंगतोय!

“अहो, गेला की काय?”

“छे! अशक्तपणा आलाय,” मी निदान केलं. आजाऱ्याला आपण काय देतो? मऊ भात! दिला. ताकदीसाठी वर उकडलेल्या अंड्याचा बलक.

रविवारी तो पूर्ण उलटा. नेमका साचीचा व्हिडिओ कॉल!

“काका, लड्डू दाखवा ना!”

मी कॅमेऱ्यावर बोट ठेवलं. “लाईट गेलीय गं, अंधार आहे.”

“पण काका, आत्ता तर दुपार आहे!”

कसाबसा फोन ठेवला. पोरीनं विश्वासानं आपला जीव माझ्या हवाली केला होता.

सोमवारी तो भाताला तोंडही लावेना आणि खाण्याची डबी रिकामी. हाफ डे टाकून नवी डबी आणायला करोल बाग गाठलं, तर बाजार बंद! इतकी वर्षं दिल्लीत काढून सोमवारची सुट्टी विसरलो. मंगळवारी आशाच सुटली. सुनंदानं पाणी तेवढं बदललं. “आता त्याला छळू नका,” म्हणाली. भातही बंद केला. आम्हालाही जेवण गेलं नाही.

बुधवारी भांड्याशी जायचा धीर होईना. तेवढ्यात सुनंदा ओरडली, “अहो, या, लवकर या!”

लड्डू सरळ! शेपटी हलवत गोल गोल फिरतोय! माझे डोळे भरून आले, हसू नका. लगेच साचीला फोन लावला. “लड्डू फार आजारी होता, पण मी वाचवला! मऊ भात आणि बलक!” ऑफिसातही सगळ्यांना ऐटीत कृती सांगून टाकली.

साची परतली. आधी लड्डूला बघून नाचली, मग डबी उलटी करून बघितली.

“काका, यार! ही दिवाळीपर्यंत पुरली असती! जास्त खाल्लं की त्याचं पोट फुगतं आणि तो उलटा होतो. मग दोन-तीन दिवस काहीच नाही द्यायचं, आपोआप ठीक होतो.”

म्हणजे लड्डूला वाचवलं ते करोल बागच्या साप्ताहिक सुट्टीनं! माझा चेहरा बघून पोरीलाच दया आली. “जाऊ द्या काका. तुम्ही रडलात ना त्याच्यासाठी? काकूंनी सांगितलं.”

काकू मात्र हे सगळं माझ्या पोटाकडे बघत ऐकत होत्या. तेव्हापासून माझ्या ताटात मोजून दोन पोळ्या. तिसरीला हात पुढे केला की सुनंदा म्हणते, “का हो, उलटं तरंगायचंय?”