कपाटमामांवरची विमानबंदी

कपाटमामांनी उभ्या आयुष्यात लोकांची घरं हलवली. कपाटं, फ्रिज, पलंग, शिलाई मशिनी, आणि एकदा तर पाण्यासकट माशांची काचपेटी, कारण मालकीणबाई पाणी काढू देईनात. तरुणपणी एक लोखंडी कपाट पाठीवर घेऊन ते एकटे जिना उतरले होते. तेव्हापासून हे नाव पडलं. ही गोष्ट ते स्वतः सांगत तेव्हा दर खेपेला मजले वाढत. कपाट मात्र तेच राही.

जोडीला मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. जिन्यात मामा खालच्या बाजूला, मेहुणा वरच्या. भार खालच्यावर येतो. ही जागा कधी बदलली नाही. मेहुणा म्हणायचा, "दाजी, बहीण दिली म्हणून वरची बाजू मिळाली."

या दोघांची कामाची एक रीत होती. ती त्यांना त्यांच्या उस्तादाने लावली होती. वस्तूला हात लावायच्या आधी तिच्यापुढे उभं राहायचं, वरून खाली नजर फिरवायची आणि आधीपासून जे मोडलंय, खरचटलंय ते मालकाला ऐकू जाईल असं मोठ्याने सांगायचं. "माथ्यावर ओरखडा. डावं दार वाकलेलं. कडी सैल. मागचा पाय तुटका." मालकाने "हं" म्हटलं की मगच हात. यात दोन फायदे. मागाहून भांडण होत नाही, आणि वस्तू कुठे धरायची ते कळतं. न बघता हात घालणारा एक तर कपाट मोडतो, नाहीतर स्वतःची कंबर.

मामांची एकुलती एक मुलगी समुद्रापलीकडच्या शहरात नांदत होती. तिने आणि जावयाने घर घेतलं. चौथा मजला, आणि लिफ्ट एवढीशी की तिच्यात खुर्ची गेली तर माणूस बाहेर. मामा आणि मेहुणा घर बघून आले. निघताना मामा मुलीला म्हणाले, "किल्ली मिळाली की कळव. जन्मभर लोकांची घरं लावली. तुझ्या सामानाला परका हात लागणार नाही."

जे घडलं ते परतीच्या विमानात.

त्यांच्या पुढच्या ओळीत एक साहेब होते. हातात जाडजूड घड्याळ, तोंडाला दारूचा वास. आधी ते गायले. मग पुढच्याच्या खुर्चीवरून भांडले. मग जेवणाचा ट्रे भिरकावला आणि गरम कॉफी हवाईसेविकेच्या मनगटावर सांडली. शेवटी उठून दाराकडे निघाले. "मला उतरायचंय."

"ढगात कुठे उतरतोस रे बाबा?" एक आजी म्हणाल्या.

हवाईसेविका अंगाने किरकोळ, पण आवाज खणखणीत. भाजलेलं मनगट छातीशी धरून तिने विचारलं, "यांना मागच्या रिकाम्या ओळीत न्यायचंय. कोणी धडधाकट माणसं मदत कराल का?"

सगळे खिडकीतून बाहेर बघू लागले. ज्यांना खिडकी नव्हती तेसुद्धा.

मामा उठले. मेहुणाही उठला. मामा साहेबांसमोर उभे राहिले, त्यांच्यावर वरून खाली नजर फिरवली आणि सवयीने बोलून गेले, "कपाळावर डावीकडे खोक, सुकलेली. शर्टाचं दुसरं बटण नाही. घड्याळाची काच तडकलेली. उजव्या बुटाचा तळ सुटलेला." मग मालक म्हणून हवाईसेविकेकडे वळले. "ताई, बघितलंत?"

ती गोंधळली, पण म्हणाली, "हं."

अख्खं विमान हसलं. साहेब ओरडले, "मी काय कपाट आहे?"

"असतात तर बरं झालं असतं," मेहुणा म्हणाला. "कपाट गप्प बसतं."

मामांनी मागून काखेत हात घातले, मेहुण्याने गुडघ्यांखाली. "घे," मामा म्हणाले. साहेब उचलले गेले. विमानातली वाट अरुंद, दोन्हीकडे कोपरं बाहेर आलेली. तरी साहेबांचं डोकं कुठे आपटलं नाही, पाय कुठे अडकला नाही. माणूस उचलणं वस्तूपेक्षा कठीण. वस्तूचं वजन एका जागी असतं. माणसाचं पळतं. मागच्या ओळीत "टेक" म्हणताच साहेब अलगद खुर्चीत बसले आणि पट्टा बांधताना मेहुण्याच्या अंगठ्याला कडकडून चावले.

विमान उतरलं तसे पोलीस येऊन साहेबांना घेऊन गेले. हवाईसेविकेने मेहुण्याच्या अंगठ्याला पट्टी बांधली, दोघांचे आभार मानले. घरी येऊन मामांनी आळीभर गोष्ट सांगितली. गोष्टीत साहेबांचं वजन रोज वाढत गेलं.

मग विमान कंपनीचं पत्र आलं. कपाटमामा आणि मेहुणा, दोघांना वर्षभर विमानबंदी. मुलीच्या शहराला दुसऱ्या कुठल्या कंपनीचं विमान जात नव्हतं.

साहेब पोलिसांकडून सुटले ते थेट वकिलाकडे गेले होते. त्यांची तक्रार अशी, की दोन हमालांनी भर विमानात त्यांची टिंगल केली, मारहाण करून कपाळ फोडलं, महागडं घड्याळ फोडलं. कंपनीने भरपाई द्यावी. कंपनीने आपल्या हवाईसेविकेचा अहवाल काढून पाहिला. तिने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'दोन प्रवाशांनी मदत केली. त्यांनी त्या प्रवाशाच्या अंगावरच्या खुणा मोठ्याने सांगितल्या. लोक हसले.' कचेरीतल्या माणसांना एवढं पुरलं. टिंगल झाली, म्हणजे मारहाणही झाली असणार. आणि मारणारे प्रवासी म्हटल्यावर कंपनी नामानिराळी.

खाली एक सवलत होती. माफीनाम्यावर सही केली तर बंदी उठेल.

त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. किल्ली पुढच्या महिन्यात मिळणार होती.

"सही करून टाका," मामी म्हणाल्या. "एका सहीने अंगाला भोकं पडत नाहीत."

"माफी कशाची? उचलल्याची?"

"अहो, पोरीचं घर लावायचंय ना? मग ताठा कपाटात ठेवा."

"दाजी, मलाच चावून वर माफीही मीच मागायची?" मेहुणा अंगठा नाचवत म्हणाला.

"तू गप्प बस. तुझ्यामुळेच. कपाट गप्प बसतं म्हणे!"

मामांनी माफीनामा घडी करून खिशात घातला. संध्याकाळी त्यांनी मुलीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. सही केली तर येता येईल, नाही केली तर कदाचित नाही. तिने माफीनाम्याचा फोटो मागवून तो जावयाकडून वाचून घेतला. जावई म्हणाला, सही केली की घड्याळ तुम्हीच फोडलं असं कबूल केल्यासारखं होईल.

मुलगी म्हणाली, "बाबा, फोडलंत का?"

"नाही."

"मग सही करून आलात तर दार उघडणार नाही. सामान मी बाहेरच्या लोकांकडून चढवून घेईन."

मामांनी फोन ठेवला. मामींकडे बघून म्हणाले, "पोरगी तुझ्यावर गेलीय."

"ताठा माझ्याकडचा नाही," मामी म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी मामांचा पांढरा सदरा इस्त्री होऊन खुंटीला होता.

मामांनी कंपनीला कळवलं, सही करणार नाही, आमचं ऐकून घ्या. कंपनीने सुनावणी ठेवली.

तक्रार कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती. जिना चढतानाच मामा मेहुण्याला म्हणाले, "वळण बघ. इथून टेबल वर नेताना घाम फुटला असेल." आत लांब टेबल होतं. मधोमध तक्रार अधिकारी बाई, चष्मा नाकावर, बोलणं थोडकं. एका बाजूला साहेब आणि त्यांचा वकील. कपाळाची खोक भरली होती, पण साहेबांनी वर पट्टी चिकटवली होती. दुसऱ्या बाजूला मामा. बाईंनी साक्षीदारांना वेगवेगळं ऐकायचं ठरवलं, म्हणून मेहुण्याला बाहेर बाकावर बसवलं. त्याने जाताना मामांच्या कानात विचारलं, "दाजी, मी काय सांगू?"

"झालं ते. त्यात आपली अक्कल घालू नको."

आधी साहेबांनी सांगितलं. मार, अपमान, घड्याळ. सांगता सांगता मामांचे हात हातोड्याएवढे झाले. मग हवाईसेविकेला बोलावलं. तिच्या मनगटावर भाजल्याचा तांबूस डाग अजून होता.

वकिलाने विचारलं, "यांनी माझ्या अशिलाच्या अंगातले दोष मोठ्याने सांगितले, खरं ना?"

"खरं."

"आणि लोक हसले?"

"हो. हसले."

वकील खुर्चीत मागे रेलला.  तिने खोटं काहीच सांगितलं नव्हतं, हीच पंचाईत होती. मामांच्या डोळ्यांपुढून मुलीचं घर सरकलं. त्यात कुणी परके लोक कपाट फरपटत नेत होते.

अधिकारी बाई मामांना म्हणाल्या, "असं का केलंत?"

"बाई, ती आमची कामाची रीत आहे. हात लावायच्या आधी मोडकं काय आहे ते मालकाला सांगायचं. नंतर तोंड वाजायला नको. ते माणूस आहेत हे लक्षात होतं, पण उचलायची वेळ आली की तोंड आपोआप चालतं. हसायला लावायचं नव्हतं."

"आता काय, काहीही सांगतील," वकील म्हणाला.

बाईंनी चष्मा काढला. हवाईसेविकेला विचारलं, "यांनी हे सांगितलं ते उचलण्याआधी की नंतर?"

"आधी. हातसुद्धा लावला नव्हता. मला विचारलं, ताई बघितलंत? मी हं म्हणाले."

"काय काय सांगितलं, आठवतंय?"

ती क्षणभर डोळे मिटून राहिली. "कपाळावर डावीकडे खोक, सुकलेली. शर्टाचं बटण नाही. घड्याळाची काच तडकलेली. बुटाचा तळ सुटलेला." डोळे उघडून ती स्वतःच चकित झाली. "आणि तसंच होतं. मी पाहिलं ना. काच तडकलेलीच होती."

"हिला पढवलंय!" साहेब उसळले.

"मग ज्याला पढवलेलं नाही त्याला विचारू," बाई म्हणाल्या आणि बाहेरून मेहुण्याला बोलावलं. तो आला, अंगठा पुढे धरूनच. बाईंनी एवढंच विचारलं, "तुमच्या दाजींनी विमानात काय सांगितलं होतं?"

"कपाळावर खोक, डावीकडे," मेहुणा सुरू झाला. "मग बटण. मग घड्याळ. मग उजवा बूट. वरून खालीच सांगतात ना ते. खालून वर सांगितलं असतं तर उस्तादाने थोबाड फोडलं असतं. दाजींचं, माझं नाही."

 वकील सरळ बसला, मग आपले कागद गोळा करू लागला. साहेबांनी घड्याळाचा हात हळूच टेबलाखाली घेतला.

"माझ्या अंगठ्याचं कुणी सांगितलंच नाही," मेहुणा म्हणाला. "तो आधी चांगला होता. ताईंना विचारा."

अधिकारी बाई हसल्या. मग उभ्या राहिल्या आणि मामांकडे बघून म्हणाल्या, "चूक आमची. विमानात आमच्या माणसांना मदत तुम्ही केलीत, आणि शिक्षाही तुम्हालाच. मी माफी मागते. बंदी आजपासून नाही. ती यांच्यावर." त्यांनी साहेबांकडे बोट केलं. "मारहाणीची तक्रार आता कंपनी करेल. हवाईसेविकेच्या हातासाठी आणि यांच्या अंगठ्यासाठी."

 मामांनी पाणी मागितलं. पाणी हवाईसेविकेने दिलं.

"भरपाई म्हणून तुम्हाला काय हवं?" बाईंनी विचारलं.

मेहुण्याने तोंड उघडलं. मामांनी त्याचा पाय दाबला. "पुढच्या महिन्यात मुलीकडे जायचंय. दोघांची तिकिटं द्या. आणि आमचं सामान नेऊ द्या, वजनावरून कटकट नको."

"काय सामान?"

"दोर, खांद्याचे पट्टे, जुनी ब्लँकेटं, चाकांची फळी."

"तिकडे हे मिळत नाही का?"

"मिळत असेल. पण ते आमच्या हाताला बसलेलं नाही."

बाईंनी मान हलवली. "न्या. फळीसुद्धा न्या."

जिना उतरताना मेहुणा म्हणाला, "दाजी, खिडकीची जागाही मागायला हवी होती."

"कशाला? मदत मागितली की बाहेर बघायला?"

पुढच्या महिन्यात मुलीचं सामान चढलं. जावयाने टेप लावून आधीच सांगितलं होतं की मोठं लाकडी कपाट तिसऱ्या मजल्याच्या वळणावरून जाणार नाही. आकड्यांनी तो बरोबर होता. मामांनी वळणाशी उभं राहून कठडा हाताने चाचपला, छताकडे पाहिलं आणि कपाट उभं करून कलतं धरायला सांगितलं. भार सगळा मामांच्या खांद्यावर आला. पट्टा रुतला. मेहुणा वरून ओढत होता. मुलगी वरच्या पायरीवर श्वास रोखून उभी. कपाट तिरकं झालं, थोडं फिरलं, कठड्यावरून बोटभर अंतराने सुटलं आणि वळण पार झालं. भिंतीचा रंग जिथल्या तिथे.

"गेलं!" जावई ओरडला आणि टेप त्याच्या हातातून जिन्यावरून खाली घरंगळत गेला.

चौथ्या मजल्यावर कपाट भिंतीशी लागलं. मुलीने दार उघडून लावून पाहिलं. सरळ लागलं. तिने डोळे पुसले, मग चहा आणला. मामांचा सदरा पाठीला चिकटला होता आणि चेहरा असा की कुणाला वाटावं आत्ता झोप काढून ताजेतवाने उठलेत.

"बसा ना बाबा आता. दमलात."

"बसतो ना," मामा चहा एका घोटात संपवून म्हणाले. "फ्रिज खाली आहे अजून."

आणि शीळ घालत दोन दोन पायऱ्या उतरत निघाले.