शिवानी मैदानात, अप्पा कडेला

शिवानीला एका जागी गप बसलेलं मी आजवर बघितलं न्हाई. माझ्या भावाची पोरगी. बारावी झाली अन् कॉलेजला म्हणून औशाहून माझ्याकडं नांदेडला आली. जेवतानाबी तिचा एक पाय हलतच असतो. मी ओरडते, ती हसते, अन् पाय परत चालू. कॉलेजात उमरीची पुनम तिची मैत्रीण झाली. एकदा पुनमच्या टीममधी एक पोरगी कमी पडली म्हणून हिला ओढून नेलं, अन् तिथून जे फुटबॉलचं खूळ डोक्यात शिरलं ते शिरलंच.

अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, शिवानीच्या बापाला, शरणप्पाला हे कळालं तवा मला वाटलं, आता संपलं. औशात त्याचं भुसाराचं दुकान. माणूस असा की पूजा झाल्याबिगर पाण्याचा घोट घेत न्हाई. पोरगी हाफ चड्डीवर पळती म्हणून भावकीतले चार जण बोलले, त्यांना त्यानं उडवून लावलं. त्याचं म्हणणं एकच. आम्ही लिंगायत. लहानपणी गळ्यात बांधलेलं इष्टलिंग अंगावरच राहतं. पूजेला आपल्याच डाव्या तळहातावर घ्यायचं अन् पूजा झाली की परत गळ्यात. फोनवर मला म्हणला, “खेळू दे तिला. पण ज्या दिवशी गळ्यातलं उतरलं, त्या दिवशी औशाची गाडी.” तो बोलला की बोलला, मागं घेत न्हाई.

कॉलेजच्या मॅचमधी कुणी विचारलं न्हाई. शिवानी लिंगाची चांदीची डबी दोऱ्यासकट छातीशी घट्ट बांधायची, वरून जर्सी. मग राज्याच्या स्पर्धेसाठी जिल्ह्याची टीम निवडायची मॅच आली, अन् माझ्या घराचं वाटोळं झालं. पोरीला झोप न्हाई, जेवण न्हाई. मागच्या भिंतीवर धाडधाड बॉल मारत राहिली. शेजारची केवळाबाई भांडायला आली. तिचं खरंच होतं, तरीबी मी तिच्याशी कचाकचा भांडले. माझाबी जीव थाऱ्यावर नव्हता ना.

मॅचच्या दिवशी सकाळी दारात अण्णा उभा. न सांगता आलेला. म्हणे, दुकानाचा माल बघायचाय. लातुरात मिळत न्हाई असं कोणतं भुसार नांदेडात मिळतं, ते मी विचारलं न्हाई. मुकाट्यानं चहा टाकला.

मैदानावर रेफरी बाई होत्या. पोरींना रांगेत उभं करून कान, हात, गळा बघत होत्या. पुनमच्या मनगटावरचा दोरा काढायला लावला. शिवानीजवळ आल्या अन् म्हणल्या, हे काढा. तिनं सगळं सांगितलं. बाईंनी नीट ऐकून घेतलं, पण धक्काबुक्कीत दोऱ्याचा फास बसला तर काय, डबी कुणाच्या तोंडावर बसली तर काय, म्हणून काढल्याबिगर आत सोडता येणार न्हाई म्हणल्या. कोच म्हणले, शिवानी, काय ते लवकर ठरव.

माझं डोकं तापलं. बाईंचा राग आला, नेमका आजच आलेल्या अण्णाचा आला, देवाचाबी आला. मी हात पुढं केला, म्हणलं दे माझ्याकडं, पुढचं पुढं बघू. तिनं माझ्याकडं बघितलं, अन् मला ओलांडून सरळ बापापुढं जाऊन उभी राहिली.

“अप्पा, हे तुमच्या हातावर ठेवू का? न्हाई म्हणलात तर मी खेळत न्हाई. तुमच्यासंगं संध्याकाळच्या गाडीनं औशाला येते. रडणार न्हाई.”

तिचा पाय त्या वेळी हलत नव्हता.

अण्णा खाली बघत राहिला. बाईंनी घड्याळ बघितलं. मग अण्णानं चपला काढल्या, कोपऱ्यातल्या नळावर गेला, हातपाय धुतले, परत आला अन् पूजेला धरतो तसा डावा हात छातीपाशी धरला. शिवानीनं डबी काढली, डोळ्याला लावली, त्याच्या तळव्यावर ठेवली. तो एवढंच म्हणला, “जा.”

मॅचभर तो अनवाणी उभा. उन्हानं माती तापलेली. कुणी खुर्ची आणली, बसला न्हाई. चहा आणला, घेतला न्हाई. कपाळावर माशी बसली ती मी पदरानं हाकलली. शिवानी कडेकडेनं नुसती पळत होती. एकीनं कोपर मारलं अन् ती तोंडावर आपटली. अण्णा दोन पावलं पुढं गेला, हाताकडं बघितलं अन् थांबला. मला म्हणला, “नागू, तू बघ.” मी एवढी जाड बाई, पळत सुटले. पोचले तोवर ती ओठाचं रक्त पुसून उभीबी राहिली होती. पुढं तिनं अण्णाच्या समोरून बॉल नेला, आत टोलावला, अन् पुनमनं गोल केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णानं उजव्या हातानं आपलीच मांडी थोपटली. मी बघितलं न बघितलं केलं.

मॅच सुटल्यावर शिवानीनं नळावर हातपाय-तोंड धुतलं अन् लिंग परत गळ्यात घातलं. अण्णाचा हात आखडलेला, कोपरातून सरळच होईना. मी दाबून देत बसले. नावं वाचली. पुनम टीममधी. शिवानीचं नाव सगळ्यात शेवटी, राखीव म्हणून. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मला तर त्या वाचणाऱ्याशी जाऊन भांडावं वाटलं.

अण्णानं विचारलं, राखीव म्हणजे काय. मी सांगितलं, टीमसंगं जायचं, पण बाहेर बसायचं. कुणाला लागलं, कुणी दमलं, तर आत घेतात. न्हाईतर बसूनच परत यायचं.

“कुठं हाय स्पर्धा?”

“कोल्हापूरला,” शिवानी खाली बघूनच म्हणली.

अण्णानं एका हातानं चपला घातल्या.

“मग मला यावंच लागतंय,” तो म्हणला. “हिला कवा आत बोलावतील, नेम न्हाई. मी हातपाय धुऊन उभा राहतो.”