ओहोटीचा फोटो

काशिरामच्या मोबाइलवर दिवसाला दीडदोनशे मेसेज येत, आणि त्यातला एकही त्याच्यासाठी नसे. ते सगळे 'खारजमीन पुन्हा' या ग्रुपवरचे असत.

खारजमीन हा पनवेलच्या चार कॉलेजकुमारांचा रॉक बँड. चाळीसएक वर्षांपूर्वी निघाला, पाच वर्षं गाजला आणि एका भांडणानंतर बंद पडला. भांडण कशावरून झालं हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं, म्हणून ग्रुपवर त्याची सात कारणं होती. गेल्या डिसेंबरात साठीला आलेले ते चौघं पनवेलच्या नाट्यगृहात पुन्हा एकदा एकत्र उभे राहिले. अडीच तास वाजवलं. लोक खुर्च्या सोडून उभे राहिले. जाताजाता कुणीतरी ओरडून विचारलं, "परत कधी?" तेव्हा गायक परेश माइकमध्ये म्हणाला, "बघू." त्या एका शब्दावर ग्रुप तीन महिने जगत होता.

काशिराम त्या दिवशी एकटाच गेला होता. मध्यंतरात तो भिंतीला टेकून उभा असताना झेरॉक्सचं दुकान असलेला अविनाश कागद घेऊन सगळ्यांचे नंबर लिहीत हिंडत होता. काशिरामने नंबर दिला आणि घरी पोचेपर्यंत तो ग्रुपमध्ये होता. लिहायचा मात्र नाही. कुणी काही टाकलं की वाचायचा, एखाद्या वेळी पसंतीचा अंगठा दाखवायचा. आपण लिहिलं आणि कुणी उत्तर दिलं नाही तर काय, ही त्याची भीती. शिवाय बाकीचे शिकलेले. तो बंदरात पस्तीस वर्षं नोकरी केलेला, करंजाच्या कोळ्याचा मुलगा.

नोकरीला लागल्यावर त्याने पहिल्यांदा या पोरांना एका गणपतीच्या मांडवात ऐकलं होतं. दिवसभर क्रेनचा खडखडाट ऐकून आलेला माणूस. त्याला तो गोंगाट घरचा वाटला. बायको किशोरी म्हणायची, "भांडी पडतात नुसती." पण एक बाजू संपली की कॅसेट उलटी करून लावायची तीच. किशोरीला जाऊन चार वर्षं झाली. मुलगा शैलेश बंगळुरूला. रविवारी फोन यायचा. बरं आहे ना? बरं आहे. जेवलात? जेवलो. की संपलं. रोडपालीच्या चौथ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत मग दिवसभर बोलायचा तो ग्रुपच.

आणि बोलायचा तरी किती. ड्रमवाल्या भरतने नवीन झांज घेतली, म्हणजे सराव चालू आहे. परेशने लग्नात आइस्क्रीम नाकारलं, म्हणजे गळा जपतोय, म्हणजे नवा अल्बम. बँडच्या पानावर एका खडकाचं चित्र आलं तर त्यावरच्या भेगा मोजून कुणी सांगितलं, सहा गाणी येणार. दुसरा म्हणाला, भेगा सात आहेत. दोन दिवस भेगांवर वाद चालला. काशिरामनेही चष्मा पुसून भेगा मोजल्या. त्याच्या मते आठ होत्या, पण तो बोलला नाही.

फाल्गुनातल्या एका सोमवारी सकाळी बँडच्या पानावर फोटो आला. चौघं एका धक्क्यावर उभे, संध्याकाळचं ऊन, लांब सावल्या, मागे होड्या. खाली एक अक्षर लिहिलेलं नाही. ग्रुप पेटला. फोटो सोमवारी सकाळी आला म्हणजे रविवारी संध्याकाळचा, हे सगळ्यांनी धरूनच टाकलं. चौघं पुन्हा भेटले. भेटले म्हणजे ठरलं.

"मे महिन्यात शो," अविनाशने लिहिलं. "मी सांगून ठेवतो. स्क्रीनशॉट काढा."

"मेमध्ये कोण शो करतं? घाम पुसतील की गिटार वाजवतील?" हे नवीन पनवेलच्या विनिताताईंचं. त्या शाळेत गणित शिकवायच्या आणि कुणाचंही म्हणणं पुराव्याशिवाय मान्य करायच्या नाहीत. मग त्यांनीच लिहिलं, "काशिरामकाका, तुम्ही करंजाचे ना? हा धक्का तिकडचाच वाटतो. बघून सांगा."

स्वतःचं नाव पडद्यावर पाहून काशिराम उठून उभाच राहिला. नंबर देताना 'मी करंजाचा' असं तो अविनाशला म्हणाला होता, आणि अविनाशने ओळख करून देताना ते ग्रुपवर लिहिलं होतं. हे कुणाच्या लक्षात राहिलं असेल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्याने लिहिलं, "हो. आमचाच धक्का." दहा जणांनी त्याला अंगठे दाखवले. अविनाश म्हणाला, "घ्या! आपले काका निघाले आतल्या गोटातले."

मग काशिरामने फोटो मोठा करून नीट पाहिला, आणि त्याचं मन खट्टू झालं.

धक्क्याच्या पायऱ्या पार तळापर्यंत उघड्या होत्या. खाली चिखल चमकत होता आणि होड्या कुशीवर कलंडल्या होत्या. संध्याकाळी सहाच्या सुमाराला एवढी खोल ओहोटी. अन् रविवारी तर अष्टमी. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती, हे त्याच्या बापाने त्याला अक्षरओळख व्हायच्या आधी शिकवलं होतं. आठ पाऊण सहा. रविवारी सहा वाजता त्या पायऱ्या पाण्याखाली हव्यात आणि होड्या तरंगत्या. फोटो रविवारचा नव्हता. असं पाणी संध्याकाळी बाहेर जातं ते पुनवेला नाहीतर अवसेला. आठ दिवसांपूर्वी अमावास्या होऊन गेली होती. तेव्हाचा असेल तर ठीक, तरीही चौघं भेटले असं म्हणता येईल. पण डिसेंबरातल्या पुनवेचाही असू शकतो, म्हणजे कार्यक्रमाच्या आधीचा. मग ते पुन्हा भेटलेच नाहीत, आणि ग्रुपला बोलायला काही उरणार नाही.

त्याने तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा पुसलं. शेवटी पाठवलं, "जाऊन बघून सांगतो."

"काका फील्डवर," अविनाशने जाहीर केलं. "कुणी अफवा पसरवू नका. अधिकृत बातमी काका देतील."

मंगळवारी सकाळी काशिरामने इस्त्रीचा शर्ट घातला. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने विचारलं, "कुठं लग्नाला?" तेव्हा तो म्हणाला, "नाही, एक काम आहे." काम आहे असं म्हणून त्याला कैक दिवस झाले होते. उरणपर्यंत एसटीने आणि पुढे रिक्षाने तो करंजाला पोचला तेव्हा अकरा वाजले होते आणि पाणी उतरत होतं.

धक्क्याला लागूनच त्याच्या थोरल्या भावाचं घर. भाऊ महादेव दोन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या बाराव्यानंतर काशिराम इकडे फिरकला नव्हता. गंगाबाई, म्हणजे त्याची वहिनी, दारात बोंबील निवडत बसली होती. तिने मान वर केली, त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि पुन्हा कामाला लागली.

"वाट चुकला क काय?"

"नाय वयनी, तुलाच भेटायला आलो."

"मला? मी रोज हितंच असतं. दोन वरसं हितंच हाय." तिने पाट सरकवला. "बस. शर्टाला इस्त्री हाय म्हंजे काम हाय तुझं. बोल."

काशिरामने मोबाइल पुढे केला. तिने ओल्या हातांनी तो घेतला नाही, नुसतं वाकून पाहिलं.

"ये चौगं? ये आलते ना. दत्तजयंतीचे दिशी."

"नक्की दत्तजयंती? आता अवसेला नाय?"

"अरं, मी उपाशी होतू म्हणून तर ध्यानात हाय. त्यांना ताटान कालवण-भात वारला आन मी वासानं मरतंय." ती स्वतःशीच हसली. "त्यांचे संगती एक फोटोवाली पोरगी होती. आमचे दारात जेवले. काय सांगू तुला काशा, लग्नाला आल्यासारे आले आन मयताला आल्यासारे बसले. चौगं चार कोपऱ्यान."

"बोलले काय?"

"तो लांब केसांचा बोलला."

"परेश."

"नाव मी नाय इचारला. बोलला, शनवारी एकदा वाजवू, मंग तू तुझे वाटेनं, मी माझे. परत नको. दुसरा बोलला, कागदावर लिवून दे. मंग कोनच नाय बोलला. फोटो काढला तवा हसले. मंग चौगं चार गारीतून गेले." तिने बोंबलाचं डोकं मोडून बाजूला टाकलं. "तुझे कोन लागतात?"

काशिरामने मोबाइल खिशात टाकला. "ओळखीचे," तो म्हणाला.

"मंग तुला कसा ठाव नाय?"

तिने चहा दिला. निघताना म्हणाली, "पुढल्या सोमवारी होली हाय. महादेव होता तवा तू यायचास. घर काय त्याचे संगती गेला नाय."

"बघू," काशिराम म्हणाला.

परतीच्या एसटीत त्याला ग्रुपवर सत्तावीस मेसेज दिसले आणि त्यातले नऊ त्याच्या नावाचे. काका पोचले का. काका काही कळलं का. काका नेटवर्क नाही वाटतं. एकाने लिहिलं होतं, काका जेवून घ्या. तो मेसेज त्याने दोनदा वाचला.

खोटं बोलायचं तर सोपं होतं. पण त्याला वाटलं, माणसांनी आपल्याला विश्वासाने विचारलंय. आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं तर खोटं सांगायचं, हे बरं नाही. घरी येऊन दिवा लावला, खुर्ची खिडकीशी ओढली आणि तासभर खपून त्याने लिहिलं. रविवारी अष्टमी होती, सहाला भरती हवी. फोटोत ओहोटी आहे. फोटो दत्तजयंतीचा, शोच्या आधीचा. माझ्या वहिनीने चौघांना जेवायला वाढलं होतं. एकदाच वाजवायचं, पुन्हा नाही, असं त्यांच्यात तेव्हाच बोलणं झालं होतं. वाईट वाटतं, पण खरं आहे. आपला, काशिराम.

पाठवला. मोबाइल उलटा ठेवला, पुन्हा सुलटा केला. एकदोन मिनिटं कुणीच काही लिहिलं नाही. त्याला वाटलं, ग्रुप आता बंद होणार, आणि तो आपण बंद केला.

मग अविनाशचं आलं. "काका, पाणी काय घड्याळ बघून येतं का?"

काशिरामने लिहिलं, "हो."

यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. कुणी म्हणालं, वहिनींना तारीख कशी आठवेल, तीन महिने झाले. कुणी म्हणालं, ही मुद्दाम पसरवलेली बातमी आहे, मोठी घोषणा करायच्या आधी असंच करतात. "म्हणजे नक्कीच काहीतरी आहे," एकाने निष्कर्ष काढला. आठ मिनिटांत भरतच्या शर्टावरच्या आकड्याचा विषय निघाला. फोटोत त्याच्या छातीवर सोळा लिहिलं होतं. सोळा मे. अविनाशने जाहीर केलं की तो कालपासून हेच सांगत होता. काशिरामचा मेसेज वर, वर आणि दिसेनासा झाला.

विनिताताईंना तरी पटेल असं त्याला वाटत होतं. पुरावा होता, गणित होतं. त्यांचं उत्तर सगळ्यात शेवटी आलं. "काका, तुमचं गणित मला समजलं. पण दिवसभर शाळा, घरी सासूबाईंचं आजारपण. एवढं एकच ठिकाण आहे जिथं पुढे काहीतरी चांगलं होणार असतं. इथं असं लिहू नका ना."

काशिराम बराच वेळ ते वाचत बसला. त्यांना खोटं हवं होतं असं नव्हे. त्यांना वाट बघायची होती, आणि वाट बघायची म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

बुधवारी ग्रुपवर एकशे नव्वद मेसेज आले. सोळा मेला कुठला वार येतो, नाट्यगृह मोकळं आहे का, की यंदा मैदानावर. त्याचं नाव कुणी घेतलं नाही. त्याने एका विनोदाला अंगठा दाखवला, त्याचीही कुणी दखल घेतली नाही. गुरुवारी सकाळी त्याने चहा केला, तो निवला, पुन्हा गरम केला. इस्त्रीवाल्याकडे जाऊन यावं म्हटलं तर कपाटात एकही चुरगळलेला शर्ट नव्हता. शैलेशचा फोन यायला तीन दिवस होते.

दुपारी त्याने भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. रविवारच्या चौकटीवर बोट ठेवलं. अष्टमीच होती. आपली चूक निघाली असती तर त्याला आनंद झाला असता, पण चूक निघेना. आठ पाऊण सहाच होत होते. त्याच्या बापाने याच हिशोबावर आयुष्यभर होडी पाण्यात घातली होती आणि एकदाही चिखलात रुतवली नव्हती.

त्याने मोबाइल उचलला आणि लिहिलं, "माझाच हिशोब चुकला असणार. वयामुळे हल्ली तिथीचा गोंधळ होतो. वहिनीही थकली आहे, तिला नीट आठवत नाही. फोटो रविवारचाच वाटतो."

या वेळी एकदाही पुसलं नाही. पाठवल्यावर मात्र त्याने तोंडावरून हात फिरवला, कुणी बघत असल्यासारखा.

"काकाऽऽ," अविनाशचं ताबडतोब आलं. "मी म्हणत होतो ना. चालायचंच, होतं असं."

"काका, आम्ही चिडलो नव्हतो हं," आणखी कुणीतरी लिहिलं.

"सोळा मेला येताय ना मग?" हे विनिताताईंचं. "आपण सगळे एका रांगेत बसू. तुमचं तिकीट मीच काढते."

काशिरामने एक एक अक्षर शोधत उत्तर लिहिलं. "येतो. मला कडेची खुर्ची चालेल."