गोल डोक्याचा बोल्ट
चौदाचा पाना सापडेना म्हणून मी चौदा नंबरच्या बोल्टला पंधराचा लावला आणि जोर करून त्याचं डोकं पार गोल करून टाकलं. गंज सोडवायच्या तेलाचा वास आला की अजून तो गुरुवार आठवतो. चाकणच्या कंपनीत मी बारा वर्षं गिअरबॉक्सचे बोल्ट आवळत होतो, जुना बोल्ट सोडवायची वेळ कधी आलीच नव्हती. तरी त्या गुरुवारी, कंपनीच्या साप्ताहिक सुट्टीला, रहाटणीच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाडीखाली शिरून क्लचप्लेट बदलायला घेतली. दुसऱ्या दिवशी मेहुणीच्या साखरपुड्याला लातूर गाठायचं होतं. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवताना बाकीचे बोल्ट निघाले, हा एकटा अडून बसला. बायको वाकून म्हणाली, "अहो, मेकॅनिकला बोलवू का?" "घरात गिअरबॉक्सवाला असताना? लोक हसतील!" मी खालून ओरडलो. मग तेल मारून चहा होईपर्यंत थांबलो, कानशीने बोल्टच्या कडा घासल्या, तेराचा सॉकेट हातोडीने ठोकून त्यावर बसवला, सॉकेटच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवला आणि दोन्ही पाय चाकाला रेटून ओढलं. कट्ट! वाटलं, तुटला. पण तो फिरला होता! संध्याकाळी नवा बोल्ट लावून गाडी जोडली, सकाळी आम्ही लातूरच्या रस्त्याला. तो जुना बोल्ट मी शोकेसमध्ये ठेवलाय. परवा सासरे आले, तेव्हा त्यांच्या हातात देऊन सगळी हकिगत रंगवून सांगितली. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "आपणच बिघडवायचं अन् आपणच निस्तरायचं. ह्यात पराक्रम कसला हो, जावईबापू?"